१० डीबीची चाचणी: ४० मीटरवरच्या एका डोंगल रिसीव्हरचं प्रकरण

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातलं एक शहर, चार मजली सोसायटी, गच्चीवर हौशी रेडिओच्या (हॅम) ४० मीटर पट्ट्यासाठी, म्हणजे ७ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरींसाठी, बांधलेली साधी हाफ-वेव्ह डायपोल अँटेना. तिथून कोॲक्स केबल खाली दुसऱ्या मजल्यावरच्या शॅकमध्ये, म्हणजे रेडिओच्या खोलीत, येते. ऑपरेटर निवृत्त गृहस्थ; क्लबात लहानथोर सगळे त्यांना काका म्हणतात, म्हणून इथेही काकाच. ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. अँटेनापासून संगणकापर्यंतची साखळी मात्र जशी होती तशीच मांडतो, कारण सारं प्रकरण त्या साखळीच्या क्रमातच दडलेलं होतं.

ट्रान्समिशनसाठी काकांकडे बिटएक्स४० हा ट्रान्सीव्हर होता. हैदराबादच्या अश्हर फरहान (कॉलसाइन व्हीयू२ईएसई) यांच्या या डिझाइनने भारतात कितीतरी जणांना स्वस्तात एसएसबीवर (आवाजात बोलण्याच्या अरुंद पद्धतीवर) आणलं. त्याचा रिसीव्हरही वाईट नाही. पण काकांना वॉटरफॉल (सगळा पट्टा रंगांत दाखवणारा पडदा) हवा होता, एफटी८ (मंद सिग्नलांवर चालणारी डिजिटल पद्धत) करायचं होतं आणि सकाळच्या नेटचं, म्हणजे हौशींच्या ठरलेल्या वेळच्या गप्पांचं, रेकॉर्डिंग ठेवायचं होतं. म्हणून त्यांनी आरटीएल२८३२यू चिपचा टीव्ही डोंगल घेतला. ही चिप कच्चे नमुने थेट संगणकाला देऊ शकते हे २०१२ साली उघड झालं आणि जगभरच्या हौशी मंडळींना कवडीमोलात एसडीआर (सॉफ्टवेअरवर चालणारा रेडिओ) मिळाला.

डोंगलमधला ट्यूनर साधारण २४ मेगाहर्ट्झच्या खाली उतरत नाही. त्यामुळे ७ मेगाहर्ट्झसाठी ट्यूनर वगळून सिग्नल थेट चिपच्या एडीसीला (सिग्नलचे आकडे करणाऱ्या भागाला) द्यावा लागतो. याला डायरेक्ट सॅम्पलिंग म्हणतात. घड्याळ २८.८ मेगाहर्ट्झचं, एडीसी ८ बिटांचा. असं केल्यावर सिग्नल मंद वाटले, म्हणून काकांनी पुढे सुमारे २० डीबीचा (डेसिबेल, सिग्नल किती पट वाढतो-घटतो याचं माप) ब्रॉडबँड प्रीअँप लावला, म्हणजे सगळ्या फ्रिक्वेन्सी सरसकट वाढवणारा ॲम्प्लिफायर. अँटेना, प्रीअँप, डोंगल, लॅपटॉप. वाटेत फिल्टर एकही नाही.

तक्रारी

तक्रारी चार होत्या आणि त्या एकमेकींत मिसळल्या होत्या, हीच खरी अडचण. दिवसा ७.१२० मेगाहर्ट्झच्या आसपास परदेशी प्रसारणाचा आवाज यायचा. भारतात हौशींना दिलेल्या ७.००० ते ७.२०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात त्याचं काहीच काम नव्हतं. शहरापासून काही किलोमीटरवर मध्यम लहरींचं एक प्रक्षेपण केंद्र आहे. ते चालू असेपर्यंत वॉटरफॉलची जमीन, म्हणजे गोंगाटाची तळपातळी, स्थिर राहत नसे. निवेदक जोरात बोलला की पडदाभर पिवळेपणा चढायचा, दोन गाण्यांमधल्या शांततेत तो ओसरायचा. संध्याकाळी तर सगळा पट्टाच गढूळ व्हायचा आणि नेटवरची लांबची स्टेशनं नाहीशी व्हायची. या सगळ्याखाली दिवसभर एक खरखरीत गुरगुर होतीच.

एक गोष्ट मात्र स्पष्ट होती. अँटेना स्विच बिटएक्सकडे फिरवला की त्याच क्षणी तेच मंद स्टेशन नीट ऐकू यायचं. चार क्रिस्टलांच्या फिल्टरचा साधा सुपरहेट रिसीव्हर, म्हणजे बिटएक्स, जे ऐकत होता ते संगणक जोडलेला रिसीव्हर ऐकत नव्हता. हा सर्वांत मोलाचा पुरावा पहिल्यापासून समोर होता, पण बराच काळ त्याला किंमत मिळाली नाही. ‘डोंगलमध्ये अजून सेटिंग नीट झालेली नाही,’ असा त्याचा अर्थ लावला गेला.

पहिलं निदान आणि त्याने दिलेली हुलकावणी

पहिला प्रयत्न सॉफ्टवेअरमध्ये झाला. नॉइज रिडक्शन चढवलं. आवाज पाण्याखालून आल्यासारखा झाला, शब्द काही सुटे झाले नाहीत. एजीसीच्या (पातळी आपोआप सांभाळणाऱ्या यंत्रणेच्या) वेळा बदलून पाहिल्या. नॉइज ब्लँकर (खरखरीचे ठोके कापणारा) लावला, तोही सगळ्यांत शेवटी, ऑडिओवर.

ब्लँकरची ती जागाच चुकीची होती. स्विचिंग सप्लायचा ठोका मुळात काही मायक्रोसेकंदांचा असतो. २.४ किलोहर्ट्झच्या एसएसबी फिल्टरमधून गेला की तो पसरून साधारण ०.४ मिलिसेकंदाचा होतो आणि ५०० हर्ट्झच्या सीडब्ल्यू (मोर्स) फिल्टरनंतर २ मिलिसेकंदांचा. इतका पसरला की तो आवाजातच मिसळतो आणि त्याला कापायचं म्हणजे शब्दही कापायचा. ब्लँकर नेहमी डोंगलकडून येणाऱ्या नमुन्यांच्या रुंद (आय-क्यू) प्रवाहावर, अरुंद फिल्टरच्या आधी लागतो.

क्लबातल्या इंजिनिअरिंगच्या एका विद्यार्थिनीने पुढचा प्रश्न अगदी बरोबर विचारला: एडीसी ओव्हरलोड होतोय का? तिने डोंगलकडून येणारे नमुने फाइलमध्ये घेतले आणि ० व २५५ हे टोकाचे आकडे किती वेळा येतात ते मोजलं. जवळजवळ नाहीच. म्हणून निष्कर्ष निघाला की ओव्हरलोड नाही.

या प्रकरणातलं सर्वांत फसवं वळण हेच आहे, म्हणून इथे जरा थांबतो. संगणकाला जे मिळतं ते एडीसीचे नमुने नसतात. चिप आत २८.८ दशलक्ष नमुने दर सेकंदाला घेते, त्यातून हवा तो तुकडा शून्याजवळ आणते, गाळते, विरळ करते आणि २.४ दशलक्षांच्या आसपास आय-क्यू नमुने पुन्हा ८ बिटांत बाहेर देते. मध्यम लहरींच्या वाहकाने (केंद्राच्या मूळ लहरीने) एडीसीचं माप ओलांडून टोकं छाटली गेली, तरी तो वाहक या गाळणीत बाहेर पडतो. बाहेर येतं ते छाटणीने सगळ्या पट्ट्यात उडालेलं चिखलपाणी, आणि ते ० किंवा २५५ ला टेकत नाही. म्हणजे एडीसी छाटला जात असतानाही फाइल स्वच्छ दिसू शकते. ० आणि २५५ सापडले तर काहीतरी बिघडलंय हे नक्की. ते सापडले नाहीत म्हणजे सगळं ठीक आहे, असं मात्र म्हणता येत नाही.

निर्णायक चाचणी

मग १०० ओहमचे दोन आणि ६८ ओहमचा एक असे तीन रेझिस्टर पाय (π) आकारात जोडून १० डीबीचा ॲटेन्यूएटर (सिग्नल कमी करणारा) केला. खर्च चहाच्या कपापेक्षा कमी. तो प्रीअँपच्या आधी लावायचा, काढायचा, आणि प्रत्येक तक्रार किती डीबीने खाली जाते ते लिहून ठेवायचं. तक्रारी चार असल्या तरी उत्तरं वेगवेगळी आली.

नेटवरचं खरं स्टेशन १० डीबीने खाली गेलं, पण त्यासोबत गोंगाटही गेला. ऐकणं बिघडलं नाही. संध्याकाळी तर सुधारलं.

७.१२० वरचा परदेशी आवाजही बरोबर १० डीबीच उतरला. म्हणजे तो आपल्या प्रीअँपमध्ये तयार झालेला नव्हता. तो अँटेनातूनच येत होता, पण दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवरून. २८.८ मधून ७.१२ वजा केले की २१.६८ उरतात. १३ मीटरचा शॉर्टवेव्ह प्रसारण पट्टा २१.४५ ते २१.८५ मेगाहर्ट्झ आहे आणि तो दिवसा उघडतो. काकांनी कपाटातला जुना शॉर्टवेव्ह ट्रान्झिस्टर काढून २१.६८० लावला, तर तोच निवेदक, तेच वाक्य. नमुने घेण्याच्या वेगाच्या निम्म्यावरचं, म्हणजे १४.४ मेगाहर्ट्झच्या वरचं जे काही एडीसीपर्यंत पोहोचतं ते घडी पडून खाली येतं. आणि आपल्या नेमक्या ७.० ते ७.२ वर २१.६ ते २१.८ येऊन पडतं.

निवेदकाच्या आवाजाबरोबर चढउतार करणारी जमीन १० डीबीने उतरली नाही. ती पूर्ण थांबली. हा छाटणीचा स्वभाव आहे. मापाच्या आत आहे तोवर एडीसी प्रामाणिक असतो. माप ओलांडलं की एकदम बेइमान होतो.

संध्याकाळच्या गढूळपणात दोन गोष्टी होत्या. काही भुतं, म्हणजे खोटे सिग्नल, १० डीबीला साधारण ३० डीबीने पडली. ही प्रीअँपमधल्या तिसऱ्या घाताच्या इंटरमॉड्युलेशनची (जबर सिग्नल एकमेकांत मिसळून खोटे तयार होण्याची) खूण, आणि पट्ट्याला लागूनच असलेल्या ४१ मीटरच्या जबर प्रसारण स्टेशनांपासून ती जन्माला येत होती. बाकीची भुतं एकदम गायब झाली. एक इशारा: एकास तीनचा हा नियम ॲम्प्लिफायर आणि मिक्सरचा. एडीसी तो पाळत नाही, म्हणून डायरेक्ट सॅम्पलिंग रिसीव्हरचा आयपी३ (इंटरमॉड्युलेशनला तोंड देण्याची क्षमता) आकडा बघून खरेदी करणं फारसं उपयोगाचं नाही.

गुरगुर? १० डीबीला १० डीबी. ती खरीच बाहेरून येत होती. गल्लीतली लाइट गेली तेव्हा लॅपटॉप बॅटरीवर होता आणि गुरगुर जवळजवळ संपली. उगम परिसरातच होता.

समोरचे पर्याय

डोंगल सोडून मोठा रिग (तयार रेडिओ संच) घ्यावा, हा पहिला पर्याय. आयकॉमच्या आयसी-७३०० सारख्या डायरेक्ट सॅम्पलिंग रिगमध्ये १४ बिटांचा एडीसी असतो आणि त्याच्या आधी १५ बँडपास (ठरावीक पट्टाच जाऊ देणारे) फिल्टर. क्लबात सगळे १४ बिटांचं कौतुक करत होते. माझ्या मते त्या १५ फिल्टरांचं कौतुक आधी व्हायला हवं. पैशांचा आकडा काकांच्या पेन्शनला झेपणारा नव्हता, म्हणून हा पर्याय तिथेच संपला.

दुसरा, बिटएक्सच्या क्रिस्टल फिल्टरनंतरचा सिग्नल साउंडकार्डला द्यावा आणि डीएसपी (आकड्यांवरचं गाळणं-सुधारणं) तिथे करावं. फरहान यांच्या पुढच्या एसबिटएक्समध्ये याच जातीचा विचार आहे: आधी क्रिस्टल फिल्टर, मग ऑडिओ कोडेक, मग रास्पबेरी पाय हा छोटा संगणक. ताकदवान शेजारी एडीसीला दिसतच नाहीत. ऐकण्याच्या दृष्टीने हा सर्वांत भक्कम मार्ग होता. पण बिटएक्स४० चा फिल्टर एका एसएसबी स्टेशनाएवढाच रुंद. वॉटरफॉल गेला असता, आणि काकांनी डोंगल घेतला होता तो वॉटरफॉलसाठीच.

तिसरा, प्रीअँप काढून टाकावा. तत्त्वतः ७ मेगाहर्ट्झवर प्रीअँपची गरज नसते. आयटीयूच्या (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या) पी.३७२ शिफारशीतल्या निवासी वस्तीच्या मध्यकाप्रमाणे इथे बाहेरचा गोंगाट तापीय गोंगाटाच्या सुमारे ४९ डीबी वर असतो. एसएसबी रुंदीत तो उणे ९१ डीबीएम (एका मिलिवॅटच्या तुलनेत) होतो, रिसीव्हरच्या सिग्नल मोजणाऱ्या एस-मीटरवर एस६. रिसीव्हरचा स्वतःचा गोंगाट (नॉइज फिगर) २० डीबी असला तरी या गोंगाटात तो बुडून जातो. मग प्रीअँप काढला तर काय बिघडतं?

इथे ८ बिट आडवे येतात. ८ बिटांच्या आदर्श एडीसीचं सिग्नल-गोंगाट गुणोत्तर ५० डीबीच्या आसपास. अरुंद फिल्टर लावला की क्वांटायझेशनचा (सिग्नल मोजक्या पायऱ्यांत बसवताना होणारा) गोंगाट वाटला जाऊन फायदा मिळतो: १४.४ मेगाहर्ट्झवरून २.४ किलोहर्ट्झवर आलो तर ३८ डीबी. पण चिप मधेच पुन्हा ८ बिटांत बाहेर देते, म्हणून २.४ मेगाहर्ट्झवरून पुढचे ३० डीबीच हिशेबात धरावेत. म्हणजे आदर्श स्थितीतही ८० डीबी, प्रत्यक्षात त्याहून कमी. शिवाय हा फायदा मिळण्यासाठी अँटेनाच्या गोंगाटाने एडीसीच्या निदान एक-दोन पायऱ्या सतत हलत्या ठेवाव्या लागतात. प्रीअँप काढल्यावर त्या हलत नव्हत्या. मंद स्टेशनं पायरीखालीच राहत होती. प्रीअँप ठेवावा तर छाटणी, काढावा तर बहिरेपणा. काकांनी सुरुवातीला प्रीअँप लावला तो उगाच नव्हता.

चौथा पर्याय यातूनच निघाला: प्रीअँप ठेवायचा, पण त्याला फक्त ७ मेगाहर्ट्झच दिसू द्यायचं. फिल्टर आधी, वाढ नंतर. हाच निवडला.

काय केलं

दोन टप्प्यांचा ट्यून्ड बँडपास फिल्टर केला. लाल रंगाचा टी५०-२ कोअर (चुंबकीय रिंग), त्यावर २५ वेढे, म्हणजे सुमारे ३ मायक्रोहेन्री, ७.१ वर रेझोनन्ससाठी एकूण १६४ पिकोफॅरड लागतात, ते १५० च्या आतबाहेरचे एनपीओ (तापमानाने न सरकणारे) कपॅसिटर आणि ट्रिमर मिळून जुळवले. कोअर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आले. वेढे मोजताना तार कोअरच्या भोकातून जितक्या वेळा जाते तितके वेढे धरायचे; बाहेरून मोजलं की एक हमखास चुकतो आणि फिल्टर जागेवर येत नाही. वाइंडिंग वायरचं इनॅमल ब्लेडने नीट खरवडल्याशिवाय सोल्डर धरत नाही. वरून चकचकीत दिसणारा सांधा आत उघडाच राहतो.

नॅनोव्हीएनएवर (फिल्टरचा आलेख दाखवणाऱ्या छोट्या उपकरणावर) पाहिलं तेव्हा मध्यम लहरींकडची बाजू उत्तम पडली होती. वरची बाजू मात्र आळशी. कपॅसिटरने जोडलेल्या अशा फिल्टरचा खालचा उतार तीव्र आणि वरचा सौम्य असतो. आपल्याला तर २१.७ मेगाहर्ट्झलाही थोपवायचं होतं. म्हणून मागे १० मेगाहर्ट्झच्या आसपास कापणारा पाच घटकांचा लो-पास (खालचंच जाऊ देणारा) फिल्टर जोडला. सगळं पत्र्याच्या डबीत, दोन भागांमध्ये आडवी पत्र्याची भिंत.

४१ मीटरवर मात्र या फिल्टरचा इलाज नाही. ७.२५ वरचं स्टेशन ७.१५ पासून १०० किलोहर्ट्झवर असतं. साध्या एल-सी (कॉइल-कपॅसिटरच्या) फिल्टरला एवढी धार येत नाही. तिथे १० डीबीचा तोच ॲटेन्यूएटर स्विचवर बसवला: दिवसा बाहेर, संध्याकाळी आत. काका आधी नाराज होते. सिग्नल मुद्दाम कमी करायचा, ही गोष्ट त्यांना पटेना. मग वॉटरफॉलवर त्यांनी स्वतः पाहिलं की ॲटेन्यूएटर आत घेतल्यावर एस-मीटरचा काटा खाली येतो आणि आवाज वर येतो.

डीएसपीचा क्रमही बदलला. रुंद प्रवाहावर ब्लँकर, मग विरळ करणं, मग १२ किलोहर्ट्झच्या नमुना-वेगावर २५५ टॅपचा एफआयआर (डिजिटल फिल्टर), मग एजीसी. हॅमिंग खिडकी (फिल्टरचे गुणांक ठरवण्याची एक रीत) वापरली तर या फिल्टरची कडा सुमारे १५५ हर्ट्झमध्ये पडते आणि उशीर १०.६ मिलिसेकंद, जो नेटवर कोणाला जाणवत नाही. नॉइज रिडक्शन एफटी८ साठी पूर्ण बंद. ट्रान्समिट करताना डोंगल तोडून जमिनीला टेकवणारा रिले आधीपासून होता, तो तसाच ठेवला.

गुरगुरीसाठी कोॲक्सचे वेढे फेराइट रिंगवर घेऊन डायपोलच्या फीडपॉइंटला चोक बसवला आणि दुसरा शॅकमध्ये शिरताना. कोॲक्सची बाहेरची जाळी इमारतीतला गोंगाट गोळा करून वर नेत होती, तो रस्ता तुटला.

निकाल

‘बरं वाटतंय’ यावर विसंबायचं नाही असं ठरवलं. दुसरा तसाच प्रीअँप आणि डोंगल घेऊन अँटेना स्प्लिटरने दोघांत वाटली: एकीकडे जुनी साखळी, दुसरीकडे नवी, आणि ७.०७४ वर दोन्हींनी एफटी८ डीकोड करायचं. एफटी८ चे १५ सेकंदांचे खंड असतात आणि प्रत्येक डीकोडबरोबर २५०० हर्ट्झ रुंदीच्या हिशेबाने सिग्नल-गोंगाट गुणोत्तर मिळतं. त्यामुळे तेच स्टेशन, तोच खंड, दोन साखळ्या अशी थेट तुलना होते. प्रोपगेशन (लहरींचा आकाशातला प्रवास) बदलल्याचा बहाणा उरत नाही. स्प्लिटरमुळे जुन्या साखळीलाही ३ डीबी कमी पोहोचत होते, म्हणजे तिला थोडी सवलतच मिळाली होती. तरीही संध्याकाळी नवी साखळी स्पष्टपणे पुढे होती आणि जुनीला न दिसलेली स्टेशनं तिच्या यादीत येत होती. पहाटे, ४१ मीटर शांत असताना, फरक कमी होता. त्यावरूनही दोष कुठे होता ते कळतं.

७.१२० वरचा परदेशी आवाज गेला. निवेदकाबरोबर हलणारी जमीन थांबली. गुरगुर कमी झाली, संपली नाही. दुपारी ती अजून असते आणि शेजारच्या इमारतीवरच्या सोलर इन्व्हर्टरवर संशय आहे. तिथल्या मंडळींशी काकांचं बोलणं चाललंय.

वेगळं काय करता आलं असतं

ॲटेन्यूएटरची चाचणी पहिल्याच दिवशी व्हायला हवी होती. तीन रेझिस्टरांनी जे सांगितलं ते सॉफ्टवेअरमधल्या सगळ्या फेरफारांनी सांगितलं नाही. दुसरं, बिटएक्स चांगलं ऐकतोय हे निरीक्षण सेटिंगच्या खात्यात न टाकता ‘बिटएक्समध्ये असं काय आहे जे डोंगलमध्ये नाही?’ असं विचारलं असतं तर उत्तर एका वाक्यात मिळालं असतं: अँटेना आणि एडीसी यांच्यामध्ये काहीतरी निवड करणारं. विद्यार्थिनीच्या नमुने मोजण्याच्या चाचणीत पद्धतीचा दोष नव्हता, फक्त ती चिपच्या चुकीच्या टोकाला झाली. तीच मोजणी एडीसीचे मूळ नमुने देणाऱ्या रिसीव्हरवर अगदी योग्य ठरते.

ब्रॉडबँड प्रीअँप विकत घेण्याआधी अँटेना काढून-लावून पाहणंही राहिलं. नेहमीच्या रिसीव्हरवर अँटेना लावताच गोंगाट १० डीबी किंवा जास्त चढला तर संवेदनशीलता पुरेशी आहे, प्रीअँप नको. काकांच्या डोंगलवर तो जेमतेम चढला असता आणि ८ बिटांची अडचण तेव्हाच उघडी पडली असती.

आता काकांना २० मीटर हवाय. तिथे हीच युक्ती चालणार नाही. २० मीटरचा पट्टा १४.३५० ला संपतो आणि घडी १४.४ ला पडते, १४.३५० ची प्रतिमा १४.४५० वर, अवघ्या १०० किलोहर्ट्झवर. ती कापणारा एल-सी फिल्टर घरी गुंडाळून होणार नाही. त्यासाठी अपकन्व्हर्टर (फ्रिक्वेन्सी वर नेणारा) लावून डोंगलचा मूळ ट्यूनर वापरायचा, की बिटएक्सच्या वाटेने क्रिस्टल फिल्टर आणि कोडेक घ्यायचा, याची चर्चा क्लबात सुरू आहे. माझा कल दुसऱ्याकडे आहे. काकांचा अर्थात वॉटरफॉलकडे.